लेखिकेने मधे बोलायचे नाही

मी, या प्रकरणातली फिर्यादी, वय ४६ वर्षे, काम चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणे, राहणार लॉन्ड्रीच्या वरचा पहिला मजला, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी व माझे पती असे दोघेच राहतो. पतींचे स्पीकर व माइक दुरुस्तीचे दुकान आहे. मुलगी लग्न होऊन परगावी असते.

मी आमच्या भागातल्या लेखक मंडळाची सभासद आहे. मंडळ वाचनालयाच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा भरते. एकाने आपले लिखाण वाचायचे व बाकीच्यांनी त्यावर बोलायचे, अशी पद्धत आहे. चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने तोंड उघडायचे नाही, असा नियम आहे. नाहीतर जो तो स्वतःची वकिली करत बसतो, असे अध्यक्षबाईंचे म्हणणे. त्या निवृत्त मुख्याध्यापिका आहेत.

मागच्या महिन्यात मी एक गोष्ट वाचली. गोष्टीतला नवरा बायकोला मारण्याआधी उठून टीव्हीचा आवाज वाढवतो. आमच्या घरात काय चालते ते मला कुणाला तोंडाने सांगता येत नव्हते, म्हणून लिहिले. इतक्या वर्षांत तेवढीच एक वाट सुचली. कुणीतरी बाजूला घेऊन विचारील, "बाई, हे तुमचंच का?" एवढ्या आशेवर मी ती वाचली.

कुणी विचारले नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "ती घर सोडून का जात नाही, हे काही पटलं नाही बाई मला." एक कवी म्हणाले, "टीव्हीचं जरा फिल्मी होतंय. आणि नवरा अगदीच काळाकुट्ट रंगवलाय. त्याचीही बाजू येऊ द्या की." मंडळाचे कार्यवाह औषधांचे दुकान चालवतात. मुक्या माराचे मलम मी त्यांच्याकडूनच नेते. ते म्हणाले, "असला नवरा ताईंनी आणला तरी कुठून? आमचे दाजी तर देवमाणूस!" सगळे हसले. मंडळाचा माइक माझे पती फुकट दुरुस्त करून देतात, म्हणून ते सगळ्यांचे दाजी. मी नियमाप्रमाणे गप्प बसले. नंतर चहा आला.

कार्यवाह दर महिन्याला सभासदांच्या फोनवर बातमीपत्र पाठवतात. कुणाला बक्षीस मिळाले, कुणाला नातू झाला, आणि सोबत एक निवडक लिखाण. या वेळी माझी गोष्ट निवडली. मला न विचारता ती त्यांनी माझ्या पतींनाही पाठवली आणि वर फोन केला, "दाजी, पेढे काढा, ताईंनी मैदान मारलं!" पती म्हणाले, "हो का? वाचतो की." मी समोर भाजी चिरत होते. त्यांनी खुर्चीत बसून गोष्ट शेवटपर्यंत वाचली. ती खरी आहे हे ओळखणारे पहिले वाचक तेच निघाले.

मग ते उठले व त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. माझा उजवा हात कपाटाच्या फटीत धरून त्यांनी दार पुन्हा पुन्हा लोटले. "लिही आता," म्हणाले. चार बोटे मोडली आहेत, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. खालचा लॉन्ड्रीवाला आवाज ऐकून वर आला व त्याने मला दवाखान्यात नेले. तो मंडळाचा सभासद नाही.

अध्यक्षबाई दवाखान्यात येऊन गेल्या. "अहो, तेव्हाच सांगायचं नाही का?" असे म्हणाल्या. मी सांगितले होते, मोठ्याने आणि सगळ्यांसमोर, याची नोंद घ्यावी. कार्यवाहांनी नवी बातमी पाठवली आहे की, आमच्या सभासद लेखिका घरात पाय घसरून पडल्या, त्यांना लवकर आराम पडो. माझा पाय घसरलेला नाही.

माझी तक्रार पतींविरुद्ध आहे. मंडळाला कुठले कलम लागत नाही, असे मला इथे समजावून सांगण्यात आले. मला ते समजले, पटलेले नाही.

हा जबाब हवालदारबाईंनी मला वाचून दाखवला. मी मधेच बोलले तेव्हा त्या थांबल्या व दोन ठिकाणी दुरुस्ती केली. मी घर का सोडले नाही, असे त्यांनी विचारले नाही. मजकूर मी सांगितला तसाच आहे. हाताला प्लास्टर असल्याने सहीच्या जागी डावा अंगठा दिला आहे. फिर्यादीस लिहिता येते, असे त्या अंगठ्याखाली लिहावे, ही विनंती.