दाराच्या आतला पुकारा

नाय नाय ताई, थांबा — पेन ठेवा खाली. चहा घ्या आधी. कार्यक्रमाच्या मेघा मॅडमनं मला तुमची सही घ्यायलाच धाडलंय, पर पाच मिनिटं हायेत अजून, तुमचा भाऊ तिकडं मेकअपला बसलाय. सर्जेरावच्या तोंडाला पावडर लागेस्तोवर बोलू. मला वळखलं नसंल तुम्ही. मी सखाराम. कोर्टात शिपाई व्हतो, दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारायचो. आता जजसायेब टीव्हीवर घरातली भांडणं मिटवतात, तर मलाबी घेऊन आले — तोच पांढरा ड्रेस, तोच लाल पट्टा. म्हणले, सखाराम, तुझ्या आवाजाबिगर कोर्ट वाटत नाय.

लई मोठा माणूस. तालुक्याला लागले तवा पोरगेलेसे व्हते, मग जिल्ह्याला, अन् रिटायर झाल्यावर तर घरोघर — क्रांती चौकात सिग्नलला गाडी थांबली की बाया काचंवर टकटक करतात, नमस्कार करायला. कशामुळं चढले एवढे? खटले निकाली काढायचे ना. महिन्याला किती निघाले त्याचा तक्ता वर जायचा, अन् सायबांचा तक्ता कधी कमी भरला नाय. इथंबी तसंच हाय, एका भागात एक भांडण, बावीस मिनिटात मिटलं पायजे. शेवट तर बघितलाच असंल तुम्ही — बहीण रडती, भाऊ साडी देतो, गळ्यात गळा, अन् लोक घरी बसून डोळे पुसतात. आज तुम्हाला मोरपंखी हाय. भावानं नाय आणली, काल मीच आणली गुलमंडीवरून, कंपनीच्या खर्चानं.

अन् हा कागद काय हाय? कार्यक्रमाची परवानगी म्हणले असतील. वरचं पान परवानगीचंच हाय. उलटा ते. — व्हय, हक्कसोड. चितेगावच्या रानातला तुमचा वाटा राजीखुशीनं भावाला सोडला, अन् उद्याच रजिस्ट्रीला यायचं, तेबी लिहिलंय खाली. एकदा साऱ्या महाराष्ट्रासमोर हो म्हणल्यावर मागं कशा फिरणार तुम्ही? लोक थुंकतील ना.

तुमचा दावा कवाच हरला म्हणता? कोण म्हणलं, भाऊ? हरला नाय ताई, तो ऐकलाच नाय कुणी. वादी गैरहजर म्हणून काढून टाकला. अन् असा गेलेला वाटणीचा दावा पुन्हा लावता येतो, हे त्याला कुण्या वकिलानं सांगितलं असंल — नायतर आज नऊ वर्षांनी बहिणीची एवढी माया कुठून आली?

मला कसं ठाऊक म्हणजे — कागदावर नाव वाचलं ना. सत्यभामा कडूबा. तुमची तारीख आमच्याच सायबांपुढं व्हती, अन् महिनाअखेर व्हती त्या दिवशी. महिनाअखेरीला सायेब चष्मा काढून टेबलावर ठेवायचे. बोलायचे नायत काय. चष्मा खाली आला की मी बाहेर जायचं नाय, आतूनच पुकारायचं, हळू, तीनदा. तीनदाचा नियम, तो मोडला नाय कधी. बाहेरच्याला ऐकू गेलं नाय तर गैरहजर. — असे किती? मोजले नायत हो. तुमचं ध्यानात राहिलं, कारण दार अर्धं उघडं व्हतं अन् तुम्ही दिसत व्हता मला. दहा पावलांवर, काखेत कागदाची पिशवी, माझ्याच तोंडाकडं बघत. तरी मी आतच पुकारलं. मला लाज वाटली तवाबी, आताबी वाटती. नऊ वर्षं तुम्ही ऐकून घेतलं असंल, की बाई तूच गेली नायस तारखेला.

कागद फाडला? बरं केलं. आता मागच्या जिन्यानं उतरा, खाली रिक्षा असतात, थेट वकील गाठा. मी सांगतो आत, बाईंना चक्कर आली म्हणून.

— काय? आतून पुकारलं ते मी लिहून द्यायचं? नाय ताई, तसं नसतं ते. सायबांसमोर सांगायचं? आत्ता, कॅमेरा चालू झाल्यावर? ताई, माझ्या सुनंला, दीपमालाला, त्यांच्याच शब्दावर नोकरी लागलीय. मी तुमचं भलंच बघितलं ना, पान उलटून दाखवलं ना, तेवढं बास की. चष्म्याचं कशाला काढता? चष्मा काय कुणीबी काढतो. डोळे दुखत असतील त्यांचे. मी काय बोललोच नाय तुमच्याशी, चहा दिला फक्त.

आलो मेघा मॅडम, आलो. — ताई, सायेब खुर्चीत बसलेत, पुकारा करायचाय मला. जिना तिकडं हाय, मागल्या अंगाला. गेल्या नायत अजून? अशा मधी उभ्या राहू नका. दार सोडा, ताई.