पायऱ्या किती, हाजीबाई?

...छे छे, दुखण्याचं काही नाही हो, दुखतं तर दुखू दे, हाडच ते, मोडलं की दुखणारच, पण त्या प्रश्नांचं काय? दर दोन तासांनी प्रश्न! हाजीबाई, पायाची बोटं हलवा. हाजीबाई, मुंग्या येतात का? हाजीबाई, मी आत्ता कुठल्या बोटाला हात लावला? अगं, माझ्या बोटाला हात लावलास तो मला नाही कळणार तर काय शेजारच्या खाटेवरच्या बाईला कळणार? आणि मी सांगितलं की मान डोलावते आणि लिहून घेते! लिहून घ्यायला मी काय मंत्री आहे? मी तेव्हाच मनाशी म्हटलं, इन्शिराह, सांभाळ, हे सरळ नाही. विचारतंय कोण... आणि विचारायला लावतंय कोण?

तुम्हाला सांगते, पडले त्यातही माझी काही चूक नव्हती. ईद चार दिवसांवर आलेली, गॅलरी धुवायला काढली, साबणाचं पाणी ओतलं, आणि मी इकडे, चप्पल तिकडे, आणि खुबा मधल्यामधे दोन तुकडे! आमचा हिल्मी, म्हणजे माझा मुलगा, धावत आला, दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणाला, "हाजीबाई, सांधा बदलायला लागेल." बदला बाबा! बदलला. धातूचा बसवला, गोळा आणि वाटी, अगदी नवाकोरा. शुद्धीवर आल्यावर मी पहिलं काय विचारलं? जुना कुठे आहे! तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. अहो, सत्तर वर्षं वापरलेली वस्तू, एकदा नजरेला तरी पडायला नको? काढलाच नसेल तर? आतल्या आत तसाच ठेवून वरून टाके घातले असतील तर मी काय उघडून बघणार आहे?

आणि मग ती आली. साबरीन. नर्स. वय असेल पंचविशीचं, पण चालणं असं, की हवालदारानं बघून शिकावं. आली ती हातात एक तिकोनी उशी घेऊनच आली, माझ्या दोन पायांच्या मधे घातली आणि वरून पट्टे आवळले! मी म्हटलं, "काय गं, पळून जाईन म्हणून बांधतेस का?" तर म्हणते कशी, "पायावर पाय गेला तर नवा सांधा निखळेल, हाजीबाई." पायावर पाय टाकायचा नाही. कुशीवर वळायचं तर दोघींनी मिळून वळवायचं, उशीसकट, लाकडाच्या ओंडक्यासारखं. कमरेत फार वाकायचं नाही, खाली काही पडलं तर पडू द्यायचं, जमिनीवर बसायचं नाही, नमाज खुर्चीत. अहो, जिनं उभा जन्म जमिनीवर बसून मलुखियाच्या भाजीची पानं खुडली, जी ताटाभोवती मांडी घालून जेवली, तिला सांगते जमिनीवर बसायचं नाही! मग काय हवेत तरंगू?

बरं, मोडलाय खुबा आणि सुई कुठे? पोटात! रोज! मी विचारलं, का? "रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून." भर जूनमध्ये घट्ट पांढरे मोजे मांडीपर्यंत, का? "गुठळी होऊ नये म्हणून." टाचा उचलून उचलून बघते, का? "जखम होऊ नये म्हणून." जखमेतून एक नळी काढून बाटलीत सोडलेली, त्या बाटलीवर पेनानं रेघ मारते, का? "किती रक्त आलं ते कळावं म्हणून." प्रत्येक गोष्टीला हिच्याकडे उत्तर तयार! अहो, खऱ्या माणसाला दोन प्रश्नांनंतर थोडं तरी अडखळायला होतं की नाही? ही अडखळतच नाही! म्हणजे कुणीतरी शिकवून पाठवलंय, नाही का?

हे सगळं मी सोसलं. पण चौथ्या दिवशी ती खुर्ची ओढून बसली, अगदी गोड आवाजात, आणि म्हणते, "हाजीबाई, घरी कोण कोण असतं?"

आं? खुबा माझा, घराची चौकशी कशाला?

"एकट्याच राहता? घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे? दारापर्यंत पायऱ्या किती?"

आता तुम्हीच सांगा, असले प्रश्न जगात कोण विचारतं? एक दलाल आणि दुसरी मुलीची आई! हिला तर माझा मुलगा नको होता, त्याचं लग्न होऊन वीस वर्षं झाली. मग उरलं काय? तुम्हाला आमचं घर माहीत आहेच, अनफूशीतलं, बंदराजवळच्या जुन्या वस्तीतलं, पाचवा मजला, जुन्या भाड्याचं. मालक टपून बसलाय, म्हातारी कधी हलते आणि मी कधी कुलूप बदलतो! माझ्या नवऱ्यानं तिथे मला लग्न करून आणलं, तिथेच तो गेला, दोन इमारतींच्या फटीतून चार बोटं समुद्र दिसतो, तेवढा मला पुरतो. लिफ्ट आहे हो, लाकडी, सुंदर, पण ती बंद पडली तेव्हा हिल्मीला मिसरूड फुटत होतं. आणि या हिल्मीचं वेगळंच टुमणं, "आई, आमच्याकडे स्मूहाला, नव्या वस्तीत चल, तिथे लिफ्ट आहे, तिथे सगळं आहे." सगळं आहे! समुद्र आहे का? म्हणजे एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला पोटचा मुलगा, आणि मधे ही गोड आवाजात बसलेली. विचारतंय कोण आणि विचारायला लावतंय कोण?

मी काय कच्च्या गुरूची चेली नाही. शांतपणे म्हटलं, "पायऱ्या? तीन."

"तीनच?"

"तीन. त्याही बुटक्या."

लिहून घेतलं! लिही बाई, लिही, मालकाला नेऊन दाखव! संडास कसला, खाली बसायचा की खुर्चीचा? म्हटलं, खुर्चीचा, अगदी सिंहासन. जमिनीवर सतरंज्या? एकही नाही. अहो, आमच्या घरात सतरंजीवर सतरंजी आहे, खालची कुठल्या रंगाची ते मलाच आठवत नाही!

आता पंचाईत हिल्मीची. त्याला खोटं बोलता येत नाही, बापावर गेलाय. तो आला की माझा जीव टांगणीला. एक दिवस ही सुई द्यायला आलेली आणि हा उशाशी बसून म्हणतो, "सिस्टर, आईच्या जिन्याचं जरा..." मी अशी किंकाळी फोडली, अशी फोडली, की साबरीनच्या हातातली सुई खाली, पलीकडची बाई कलमा म्हणायला लागली, वॉर्डातले सगळे पाहुणे उभे राहिले! "कुठे दुखलं हाजीबाई? कुठे?" म्हटलं, सगळीकडे! साबरीननं बोटं तपासली, मोजे काढून रंग बघितला, डॉक्टरला बोलावलं, आणि हिल्मीला बाहेर काढलं, "पेशंटला त्रास होतोय, तुम्ही जा." गेला. बरं झालं.

सून आली, नग्वान. ती तर त्याच्याही वरची. भात भरून भाजलेली कबुतरं घेऊन आली, तूप सुटलेली, आणि वर सूप. वीस वर्षांत हिनं मला अंडं उकडून दिलं नाही आणि आज कबुतर? दोन दोन? मी आधी तिला खायला लावलं. तिनं खाल्लं. मग मी वाट बघितली. तिला काही झालं नाही, तेव्हा मी खाल्लं. चांगलं होतं, ते नाही म्हणत नाही, पण इतकं चांगलं का होतं?

आणि मग आली परीक्षा! व्यायामाच्या खोलीत एक लाकडी जिना, इकडून तीन पायऱ्या वर, तिकडून तीन पायऱ्या खाली. साबरीन पाठीमागे, कमरेच्या पट्ट्याला धरून. "चढताना धड पाय आधी, मग ऑपरेशनचा. उतरताना ऑपरेशनचा आधी. एका हातानं कठडा, दुसऱ्या हातात काठी. घाई नाही." पाच दिवस रोज तेच! तीन वर, तीन खाली. आणि तुम्हाला सांगते, मी अशी चढायला लागले, की बाकीच्या बायका खाटा सोडून बघायला यायच्या. शेवटच्या दिवशी साबरीननं टाळ्या वाजवल्या. "वा हाजीबाई! तीन पायऱ्यांसाठी तुम्ही एकदम तयार. उद्या घरी." आणि जाता जाता काय म्हणाली माहीत आहे? "तुमचं नशीब चांगलं. तुमच्या आधी एक आजी होत्या, चौथा मजला. त्यांना आम्ही दोन आठवडे जास्त ठेवून पूर्ण जिना शिकवला, मुलांनाही शिकवलं, मधे मधे खुर्ची कुठे ठेवायची ते. गेल्या चढून घरी."

म्हणजे ही मालकाची नव्हती? हिल्मीची नव्हती? नुसती... नर्सच होती? पण आता बोलू कोणत्या तोंडानं? आणि शिवाय, हाही डाव नसेल कशावरून? शेवटच्या क्षणाला गोड बोलून खरा आकडा काढून घ्यायचा! विचारतंय कोण आणि विचारायला... नाही, म्हटलं, आता तोंड उघडायचं नाही. तीन म्हणजे तीन.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं घरी. गल्लीतल्या बायकांनी जिभा हलवून लु-लु-लु असा आनंदाचा गजर केला, सरबत वाटलं, मी राणीसारखी उतरले. दारात तीन पायऱ्या. काठी, कठडा, धड पाय, ऑपरेशनचा पाय... एक, दोन, तीन! हिल्मीच्या डोळ्यांत पाणी. मग मी मान वर केली. जिना! गोल गोल, वर वर, अंधारात कुठे जातो ते दिसतच नव्हतं! आयुष्यभर त्याच जिन्यानं भाजी घेऊन चढले, मुलाला कडेवर घेऊन चढले, तेव्हा तो इतका होता का हो? चौथ्या पायरीवर धड पाय ठेवला. ठीक. पाचवी... सहावी... सातवीला पाय म्हणाला, मला हे शिकवलंच नाही. खरंच, तिथेच थांबला. हिल्मीला कुठे धरायचं ते माहीत नाही, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं ना, तो कधी दंड धरतो, कधी रडतो. वर जाता येईना, खाली येता येईना. सगळी गल्ली जिन्याखाली उभी राहून सल्ले देतेय!

आणि तेवढ्यात तळमजल्यावरचं दार उघडलं. तफीदा! अकरा वर्षं मी त्या बाईशी बोलले नाही, माझ्या कपड्यांचं पाणी तिच्या वाळवणावर ठिबकलं यावरून. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उतरवा तिला. माझ्याकडे पलंग उंच आहे, संडास खुर्चीचा आहे, आणि जमिनीवर एक सतरंजी नाही."

उतरवलं. ऑपरेशनचा पाय आधी.

बसा ना, उभ्या का? त्या खुर्चीवर नको, ती तफीदाची आहे. तर महिना झाला, मी इथेच. वर घरात हिल्मी आणि नग्वान राहायला आलेत, घर रिकामं दिसलं तर मालक येईल म्हणून. नग्वान म्हणते, समुद्र फार छान दिसतो. मला सांगते!

मी शेवटी साबरीनला फोन केला आणि म्हटलं, बाई, पायऱ्या एकशे चार आहेत. रागावली असेल म्हटलं. तर दर मंगळवारी येते, ड्यूटीवरून घरी जाताना, पट्टा घेऊन. मला जिना शिकवते, हिल्मीला धरायला शिकवते. रोज सकाळी मी सराव करायचा, थोडं थोडं वाढवायचं. तिला माझं घर मला परत मिळवून द्यायचं आहे म्हणते, आणि ते तिच्या डोळ्यांत दिसतं हो, खोटं कशाला बोलू. मी आजवर किती माणसांकडे बघितलं, पण इतकी सरळ पोरगी... असो.

परवाच्या मंगळवारी आली. "हाजीबाई, आज किती चढलात?" म्हटलं, पंचवीस. ती तशीच उठली, स्वयंपाकघरात गेली आणि तफीदाला विचारलं! माझ्या देखत! आणि तफीदा भांडी घासता घासता म्हणते, "अकरा. त्यातल्या दोन मी ओढून."

मग दुखतंय का विचारलं. म्हटलं, अजिबात नाही. तिनं कागद काढला, लिहिलं, कागद टेबलावर ठेवून हात धुवायला गेली. मी बघितलं. बघणारच की! स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, "पेशंट म्हणते दुखत नाही. पेशंटच्या बोलण्यावर विश्वास ठेवू नये."

तिथेच खाली थोडी जागा होती, पेन होतं... मी सही करून टाकली.