चटका न देणारी चांदी

…नाही, पण चटका बसायला नको का? चांदी आहे ना ती? मग उकळतं दूध ओतल्यावर तिने माणसाचं बोट भाजायला नको? आणि नाही भाजलं, वर्षानुवर्षं नाही भाजलं, तर माणसाने काय समजायचं? सासरा प्रेमळ आहे असं? हे मी नाही म्हणत हं, हे आमचा योगेश तिडमे म्हणतो, सातपूरला कंपनीत, टेस्टिंगला आहे, आणि गेले काही महिने भेटेल त्याला धरून हेच विचारतोय, कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये, परवा तर लघवीला उभा असताना शेजारच्याला विचारलंन… चटका बसायला नको का?

आता तुम्हाला सांगतो, हा माणूस मुळात भांडकुदळ नाही. तांब्याच्या पट्ट्या येतात, ॲल्युमिनियमच्या येतात, त्यातून वीज किती सुखाने जाते ते मोजायचं, हे त्याचं काम. एक छोटंसं मीटर असतं, त्याची टोकाची चकती धातूच्या सपाट भागावर टेकवली की आकडा येतो. शुद्ध तांब्याला शंभर धरायचं. ॲल्युमिनियम साठाच्या आसपास. चांदी शंभराच्याही वर, कारण चांदीइतकी वीज कुणी नेत नाही, आणि वीज जो भराभर नेतो तो उष्णताही भराभर नेतो, दोन्ही कामं धातूच्या आत एकच मंडळी करतात, हे योगेश तुम्हाला चहा गार होईपर्यंत समजावून सांगेल. सप्लायर येतो, हात जोडतो, ‘साहेब, माल एक नंबर आहे, आईशप्पथ!’ योगेश चकती टेकवतो, आकडा दाखवतो आणि म्हणतो, ‘मीटर खोटं बोलत नाही.’ विषय संपला. सप्लायरची आई वाचली.

तर ह्याची बायको उज्वला, मखमलाबादची. सासरे खंडेराव, फुलशेतीवाले, शेवंती, झेंडू, गुलाब. दोन मुली, शुभांगी आणि उज्वला, दोघींची लग्नं एकाच मांडवात. आणि लग्नानंतर पहिला अधिक महिना आला तेव्हा दोन्ही जावयांना धोंड्याचं जेवण, अनारसे, आणि एकेक चांदीचा ग्लास. सारखे. जुळे म्हणा ना! योगेशने तो घरी आणला, आईने, म्हणजे लंकाबाईंनी, आठवडाभर देवाच्या कपाटात ठेवला, आणि मग जे सुरू झालं ते सुरूच… रोज संध्याकाळी ह्या माणसाला त्याच ग्लासात अर्धा ग्लास गरम दूध. अर्धाच, म्हणजे वरचा काठ मोकळा. आणि काठाला दोन बोटांनी धरून, खुर्चीत मागे रेलून असा प्यायचा, की जणू दुधाबरोबर सासऱ्याची सगळी फुलशेतीही ह्याच्याच घशातून उतरते आहे! पाहुणे आले की ग्लास दाखवायचा. ‘बघा, इतकी वर्षं झाली, काळा पडला का? सासऱ्यांची निवड!’

अहो, चांदी काळी पडते. टेस्टिंगच्या माणसाला हे कळायला नको? पण नाही ना! प्रेमात माणूस मीटर लावत नाही.

मग झालं काय, साडूंनी, म्हणजे शुभांगीच्या नवऱ्याने, ओमरावांनी, नाशिक रोडला फ्लॅट घेतला. सरकारी नोकरी, त्यामुळे बोलणंही सरकारी, हळू आणि वरून. वास्तुशांतीला योगेश गेला. जेवणं झाली आणि शुभांगीने कौतुकाने ह्याला मसाला दूध दिलं, त्यांच्या ग्लासात. म्हणजे त्या जुळ्यातल्या दुसऱ्यात. योगेशने सवयीप्रमाणे मोकळ्या काठाला दोन बोटं लावली आणि…

‘आई गंऽऽऽ!’

ग्लास खाली, दूध गालिच्यावर, भटजींच्या धोतरावर केशर! आणि ओमराव काय म्हणाले असतील? हसत हसत, सोफ्यावरून जराही न हलता, ‘अहो योगेशराव, चांदी आहे ती! चटका बसणारच. तुमच्याकडे पण आहे ना तसाच? बसत असेलच की रोज.’

बसत असेलच की रोज!

तुम्हाला सांगतो, बोटांवर बर्फ चोळत होता बिचारा, पण जळत होतं भलतीकडेच. घरी आला, कपडे बदलले नाहीत, दूध उकळलं, आपल्या ग्लासात अर्धं ओतलं, काठाला बोटं लावली. गारेगार नाही, कोमट. पण चटका? नाव नको! थांबला. अजून थांबला. उज्वला दारात उभी. ‘काय करताय?’ ‘वाट बघतोय.’ ‘कशाची?’ ‘चटक्याची!’

दुसऱ्या दिवशी ग्लास डब्याच्या पिशवीतून कंपनीत. मीटर काढलं, ग्लास पालथा घातला, बुडाच्या सपाट भागावर चकती टेकवली. शंभराच्या वर यायला हवं. आले किती? सहा. पुसून परत. सहा. चकती बदलली, मीटर तांब्याच्या तुकड्यावर तपासून घेतलं, परत. सहा! म्हणजे जर्मन सिल्व्हर. आता जर्मन सिल्व्हर म्हणजे आपलं जर्मनचं पातेलं नव्हे, ते ॲल्युमिनियम. हे वेगळं. तांबं, जस्त आणि निकेल एकत्र आटवलं की चांदीसारखं दिसतं, नावात सिल्व्हर आहे, अंगात चांदीचा कणही नाही. वीज जाता जात नाही, उष्णता काठापर्यंत पोचता पोचत नाही… आणि म्हणून ह्याची बोटं इतकी वर्षं शाबूत!

बरं, नुसता खोटा ग्लास असता तर एक वेळ गिळला असता त्याने. पण साडूला खरा आणि ह्याला खोटा? सरकारी जावयाला चांदी आणि कंपनीतल्या जावयाला निकेल? इथे लागलं हो! ह्याच सासऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात उशापायथ्याला कोण होतं? हाच! ओमरावांना रजा नव्हती. सासरे ह्याचा हात धरून म्हणायचे, ‘जावईबापू, तुमी माझा मुलगाच हाय.’ मुलगा! आणि मुलाच्या हातात काय? सहा!

उज्वला म्हणाली, ‘वेड लागलंय का? माझे बाबा असं करतील?’

‘मीटर खोटं बोलत नाही.’

‘त्या सोनाराने फसवलं असेल त्यांना!’

‘मग ओमरावांच्या ग्लासात का नाही फसवलं? मीटर खोटं बोलत नाही.’

‘मग मीटरशीच लग्न करायचं होतं!’ असं म्हणून ती जी आत गेली… त्या दिवसापासून घरात दोन माणसांमधून वीज जाईना.

आणि नेमका यंदा पुन्हा अधिक महिना आला. ऐन उन्हाळ्यात. मखमलाबादहून सासूबाईंचा, वत्सलाबाईंचा फोन, ‘दोगं बी जावई या, धोंडे करते.’ योगेशने ओमरावांना फोन केला, ‘येताना तुमचा ग्लास आणा.’ ‘का हो?’ ‘सासऱ्यांना बरं वाटेल.’ आणि पिशवीत काय घेतलं असेल? स्वतःचा ग्लास, टॉवेल, टोपी आणि कंपनीचं मीटर! जेवायला जाताना, अहो, धोंडे खायला जाताना माणूस मीटर घेऊन जातो?

पंगत मांडलेली. पाटाभोवती रांगोळी, ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार. वत्सलाबाई ओवाळायला तबक घेऊन आल्या आणि हा म्हणतो, ‘एक मिनिट, आई.’ पाटावर दोन्ही ग्लास पालथे घातले. आधी ओमरावांचा, काळवंडलेला. चकती टेकवली. शंभराच्या वर! मग स्वतःचा, चकचकीत. सहा. आणि मीटर सासऱ्यांच्या पुढे धरलं.

‘हे काय हो, जावईबापू? ताप मोजताय?’

‘बाबा, त्यांचा ग्लास चांदीचा आहे. माझा नाही.’

‘काय बोलता!’

‘मीटर खोटं बोलत नाही.’ आणि मग जे इतके दिवस साचलं होतं ते सगळं बाहेर… दवाखाना, गुडघा, मुलगा, निकेल, सरकारी नोकरी, सगळं! ओमराव धोंड्याकडे बघतायत, खावा की नाही. शुभांगी म्हणतेय, ‘अय्या!’ उज्वलाच्या डोळ्यांत पाणी.

खंडेराव उठले. गुडघा धरून, हळूहळू. दोन्ही ग्लास हातात घेतले. आणि तुम्हाला सांगतो, त्या म्हाताऱ्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट. म्हणाले, ‘माझ्या आईच्या पायात तोडे होते चांदीचे. जाताना काढून दिले, म्हनली, नातजावयांच्या मानाला मोडा. ते आटवून हे दोन ग्लास केले. सोनारासमोर दिवसभर बसून हाय मी, उठलो नाय जाग्यावरून. आन दोघांच्या बुडाला कडेला शेवंतीचं फूल काढून घेतलं, आपला फुलांचा धंदा म्हनून. हे बघा, ओमरावांच्यात हाय.’ मग ह्याचा ग्लास पालथा केला. गुळगुळीत. ‘ह्याला फूल नाय. जावईबापू… ह्यो आमचा ग्लासच नाय.’

शुभांगीने वाकून दोन्ही बुडं बघून घेतली.

योगेशची मान गेली उज्वलाकडे. ती कडाडली, ‘माझ्याकडे काय बघताय? देवाच्या कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला असते?’

आता ती किल्ली कोणाच्या कमरेला असते, हे योगेशला जन्मापासून ठाऊक! तरी ह्या शहाण्याने काय करावं? घरी जाऊन विचारावं की नाही एकट्याने? नाही! तिथेच, पंगतीत, सगळ्यांसमोर लंकाबाईंना फोन. आणि स्पीकरवर! कारण ह्याला अजून वाटतंय, आई म्हणणार, ‘छे रे, मी कशाला?’ आणि ह्याचं खरं होणार.

‘आई, तो मखमलाबादचा ग्लास…’

‘कोणता? चांदीचा? तो होय… तो मी दाजींना दिला.’

दाजी म्हणजे ह्याच्या बहिणीचा, सुवर्णाचा नवरा, मालेगावला असतो, सुताचा व्यापार.

‘दिला? कधी?’

‘तेव्हाच की. तोच अधिक महिना. आपले जावई जेवायला यायचे होते, तुझ्या बाबांचं आजारपण निघालं, घरात द्यायला काय होतं? सुवर्णाला सासरी खाली बघायला लागलं असतं. मग दिला.’

‘अगं, मला विचारायचंस तरी!’

‘विचारलं असतं तर दिला असतास का?’

‘दिला असता!’

‘मग दिलाच की! विचारायचं काय त्यात?’

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावलाय, रडतायत की हसतायत, कळायला मार्ग नाही.

‘अगं आई, पण मग हा माझ्या हातात कोणता दिलास?’

‘अरे, तुला वाईट वाटायला नको म्हणून तस्साच शोधून आणला. भांडी बाजारात चार दुकानं पालथी घातली भर उन्हात. दुकानदार बिचारा सांगत होता, आजी, ही चांदी नाही हं. म्हटलं, असू दे, पोरगा घरचाच आहे.’

घरचाच आहे! बघा, सासरा म्हणतो मुलगाच आहे आणि चांदी देतो, आई म्हणते घरचाच आहे आणि चांदी काढून घेते… आणि जिच्यावर संशय घ्यायचं मनातही आलं नाही, तीच! सप्लायरच्या आईशप्पथेवर कधी विश्वास न ठेवणाऱ्या माणसाचं स्वतःच्या आईला मीटर लावायचं राहून गेलं.

‘आणि दाजींना तरी कुठे किंमत आहे!’ फोन चालूच. ‘दूध प्यायलं की चटके बसतात म्हणे. बाथरूमात ठेवलाय, दाढीचा ब्रश असतो त्यात. आणि तुला बसतात का चटके? बसतात का? नाही ना? मग आईनेच बघितलं ना तुझं?’

फोन बंद केला. ‘बाबा, चुकलो,’ एवढं म्हणून खंडेरावांच्या पायाशी वाकला. त्यांनी पाय मागे घेतला नाही, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. नुसतं म्हणाले, ‘धोंडे गार झाले.’

घरी येताना गाडीवर उज्वला म्हणाली, ‘ग्लास परत आणा. माझ्या पणजीचे… नाही, आजीचे तोडे आहेत ते.’ रडत होती ना, नातीही चुकत होती. पण आणणार कसा? जावयाला मानाने दिलेलं परत मागतं का कुणी? तेही अधिकाच्या महिन्यात! मालेगावपर्यंत गेलाही एकदा. दाजींच्या बाथरूमात हात धुतले, ब्रश उचलला, बुडाचं शेवंतीचं फूल बघितलं, ब्रश परत ठेवला, चहा घेतला आणि आला. लंकाबाईंना काही बोलायची सोय नाही, बोललं की त्या म्हणतात, ‘आईपेक्षा ग्लास मोठा झाला का तुला?’ आता ह्याला उत्तर काय? मीटरमध्ये नाही.

आणि मखमलाबाद? जाणं-येणं आहे, तुटलं नाही काही. परवाच जाऊन आला. सगळ्यांना स्टीलची ताटं मांडली होती, ओमरावांनासुद्धा. ह्याच्यापुढे मात्र खंडेरावांनी स्वतःच्या हाताने पळसाची पत्रावळ मांडली, शेजारी द्रोण ठेवला, नीट टेकवला, आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘जावईबापू, ह्याच्यातून वीज जात नाय, मी गावात विचारून घेतलंय. बसा निवांत.’

बसला हो. आमटी द्रोणातून गळत गळत पार मांडीपर्यंत आली, आणि चांगला कढत चटका बसला… पण आवाज काढायची सोय होती का?