चौकातला डावा बूट

परदेशातले ब्रूज शहर कसे आहे, असे तुम्ही विचारता. पण मी तिथला केवळ मुख्य चौक पाहिला, आणि तोही बहुतांशी एकाच बुटावर.

लेकीने कालव्यातल्या नावेची तिकिटे काढली होती. आम्ही चौकात पोहोचलो आणि मनोऱ्यावरच्या घंटा वाजू लागल्या. घंटानाद कानी पडल्यावर पायांत पादत्राणे ठेवून हात जोडणे मला जमत नाही. मी बूट उतरवले. खालापूरच्या देवळाबाहेर ठेवतो तसाच, चोराला जोडी मिळू नये म्हणून, उजवा चौकातल्या पुतळ्यापाशी आणि डावा दूर घोडागाड्यांच्या रांगेजवळ ठेवला.

"अवो, हितं कोण नेणार हाय तुमचे बूट?" सौभाग्यवतींनी हटकले.

"देव सर्वत्र आहे, तसा चोरही असू शकतो," असे म्हणून मी डोळे मिटले.

उघडले तेव्हा डावा बूट जागेवर नव्हता. लेकीने एका गाडीवानाला विचारले, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या सोबत्याला वाटले, कुणाचा तरी बूट पडला. मालकाला दिसावा म्हणून त्या सज्जनाने तो आपल्या उंच बैठकीवर ठेवला आणि प्रवासी घेऊन तो शहराच्या फेरीला निघाला.

"बाबा, नाव सुटेल!"

"चल गं, ते ऱ्हातील हितंच," सौभाग्यवतींनी निकाल दिला.

गार दगडांवर मी बराच वेळ तिष्ठलो. अखेर गाडी परतली. गाडीवानाने टोपी काढून, अदबीने बूट माझ्या हाती दिला.

तेवढ्यात नावेतून परतलेल्या सौभाग्यवती म्हणाल्या, "शहर कसं हाय, तेवढं त्या बुटाला इचारून ठेवा. गावाला गेल्यावर लोक इचारतील."