रेडिओवरचं नाव

मोबाईल आले, फर्माईशी आटल्या. तरी निवेदक अवधूत जुन्याच श्रोत्यांची नावं वाचून रेडिओवरचा कार्यक्रम रेटत होता. आज सकाळी तोही कायमचा गुंडाळला. चुडाव्याच्या बसमध्ये त्याच्या पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

“आज रेडिओवर कुसुममामीचं नाव आलं.”

“अगं, त्या तर दिवाळीतच गेल्या की!”

“तेच तर! रंगनाथमामा म्हणायलेत, तिनंच तिकडून फर्माईश धाडली. रेडिओपुढून उठंनात.”

“पोरानं मोबाईल दिलाय ना? पाहिजे ते गाणं लागतंय त्यात.”

“गाणं लागतंय, पण त्यात तिचं नाव कोण घेतंय, म्हणतेत.”

कंडक्टरनं गाव विचारलं. अवधूतनं नुसतीच नोट पुढं केली.

“लय खूश हायेत मामा. उद्या सकाळी मला बी ऐकायला बोलावलंय.”