अण्णांची पेडलं

बसच्या रांगेत एका शिंपीणबाईंच्या पुढे बहीणभाऊ उभे होते. दोघांच्या मध्ये पेटीत, त्यांच्या दिवंगत वडिलांची, अण्णांची, दुरुस्त करून आणलेली जुनी गिटार; आडवी ठेवून, खालची पेडलं पायांनी दाबत वाजवायची.

"अण्णांनी विकलेली गिटार शोधून काढलीस, ताई, कमाल केलीस! कारागिरानं कशी नवीकोरी केलीय बघ."

"आणि पेडलं?"

"ती भलतीच वर चढवलेली होती. मीच खाली घ्यायला सांगितली."

"अण्णांचा डावा पाय आखूड होता रे."

"ते मला का माहीत नाही? पण आता कुणाच्याही पायाला बसतील."

"तेच तर झालं."

"चल, बस आली."

"तू हो पुढे. मी ही घेऊन दुकानात परत जाते, पेडलं होती तशी वर चढवून घ्यायला."

"अगं, मग तुला पाय उचलून वाजवावी लागेल!"

"उचलीन की."