बाहेर निघताना कोण मोजतं?

हॅलो? … हॅलो, कोण?

अंजे! व्हय, मीच, आई. दुसरं कोण असणार फोनपाशी? तुझे वडील मेंढरं घेऊन कवाच गेले माळाला.

बोल, बोल. न्हाई, काही कामात न्हाई. शेजारच्या रूपाबाई आल्यात, तूर निवडून राहिलो आमी दोघी. … विचारते. रूपाबाई, अंजली विचारून राहिली, गुडघा कसा हाय? … म्हणतात, गुडघा हाय तिथंच हाय, त्याच न्हाईत कुठं गेल्या.

पण आज काहून फोन केला? आज तर मंगळवार. तुझा फोन ऐतवारी येतो. बरी हायस ना? … मग आवाज असा काहून येतो, पळत आल्यावानी?

काय निघालं? … चिठ्ठी? कशाची चिठ्ठी?

अगं हळू. एकेक सांग. … वाळवंट. बरं. … त्यात दगडाचे डोंगर. बरं. … लाल. … लाटा? दगडाला कुठं लाटा असतात, बाई? … लुगड्याच्या निऱ्यावानी? … लाल निरी, मधी पांढरी निरी, परत लाल. … अगंबाई. वाऱ्यानं घातल्या म्हणते? वारा लई निगुतीचा दिसतो तिकडचा.

मग ये की बघून. गाडी करून जा, फोटो काढ, धाड आमाला…

गाडी जात न्हाई. … चालत. किती? … पाच किलोमीटर जायचं, पाच यायचं. आन् रस्ता? … पायवाट तरी? … ती पण न्हाई.

मग लोक जातात कशाला? काय हरवलंय त्यांचं तिथं?

हसू नको. मी हसायसारखं काही बोलले न्हाई.

काय लागते? परवानगी? माळावर जायला? … आपल्याकडं फॉरेस्टवाला मेंढरं अडवतो, तसं का? … रोज वीसच माणसं सोडतात. काहून वीसच? … दगड झिजतो पायानं, म्हणून चिठ्ठ्या काढून वीस नावं निवडतात. ऐकलं का रूपाबाई, तिकडं दगडाला पण जपतात.

किती? … तीन वर्षं चिठ्ठी टाकून राहिली तू? आन् मला एका शब्दानं बोलली न्हाई! … सांगितलं असतं तर औंढ्याला जाऊन नागनाथाच्या पुढ्यात बसले असते मी. म्हटलं असतं, देवा, माझ्या लेकीची चिठ्ठी तेवढी तळाला ठेव. … ऐकलं असतं त्यानं. माझं ऐकतो तो.

अगं, ऐक ना… ऐक. उन्हात पाय भाजू नयेत म्हणून तुला मेंढरामागून काढली, शाळेत घातली. नांदेडला ठेवली. तू विमानात बसली तवा मी म्हटलं, सुटली लेक माळातून. आन् तू तिकडं जाऊन, चिठ्ठ्या टाकून, माळावर चालली!

हां. … हां. दिवसभर खुर्चीत बसून पाय आखडतात, ते कळलं. मग चाल की. रस्ते काय कमी हायत तुमच्याकडं?

कवा जायचं? … उद्या पहाटे. तुझं उद्या म्हंजे माझं कवा? … थांब, माझं सकाळचं दूध आत्ता निघालं, तुझा दिवस बुडला. म्हंजे आज आमच्याकडं दिवेलागण होईल, तवा तू निघणार. आन् माघारी? … माझ्या उद्याच्या पहाटे.

म्हंजे तुझा सगळा दिवस माझी रात.

काही न्हाई. बोल.

पाणी किती नेणार? … लिटरमधी नको सांगू, कळशीत सांग. … अर्धी कळशी. पाठीवर? … वाटंत झरा? … कुठंच न्हाई. … सावली? … कपारी हायत. कपारीत हात घालायचा न्हाई, अंजे. आधी काठी, मग हात, मग बूड. तू लहान असताना शिकवलंय तुला.

आन् किती जण तुमी? … तिघं. शितल हाय ना? सेनगावच्या तांड्यावरची, तुझ्यासंग कॉलेजला होती ती. आन् तिचा नवरा. बरं झालं. पोरगी दमाची हाय ती. … काय म्हणते? … शितलला दिवस हायत? कितवा? … तिसरा! रूपाबाई, शितलला दिवस गेलेत! … हां, रूपाबाई म्हणतात गोड खाल्लं पायजे आता. तिला म्हणावं दगदग करू नको, जड उचलू नको, चालू नको फार…

…

अंजे. मग ती येणार न्हाई.

आन् तिला सोडून तिचा नवरा पण यायचा न्हाई.

मग तू कोणासंग चालली?

हॅलो? … आवाज येतोय मला. लाटांचं मागून सांग, आधी हे सांग.

एकटी.

न्हाई. … न्हाई म्हटलं ना. … चिठ्ठी वाया जाऊ दे. कागद हाय तो. … पुन्हा तीन वर्षं लागू देत. माळ कुठं पळून चालला?

माझ्यावर चिडू नको. ताडकन उठले, तुरीचं सूप सांडलं. … न्हाई, बसलेय. भिंतीला टेकून बसलेय. रूपाबाईनं पाणी दिलं.

मला एक सांग. खरं सांग. ते वीस माणसं मोजून सोडतात ना आत? … मग बाहेर निघताना कोण मोजतं?

अगं, साधं विचारलं मी. सकाळी वीस गेले. सांजच्याला वीस आले का, हे कोण बघतं?

… वही असते. नाव लिहायचं. परत आलं की खूण करायची. बरं. मग ती वही कोण उघडतं? … रोज? … दोन-चार दिवसांनी कोणी आलं तर.

आन् कागदावर काय लिहून घेतलं? … 'कोणाला कळवायचं.' काय कळवायचं? … कोणाचा नंबर दिला तू?

हा? ह्या फोनचा?

म्हणून आज फोन केला तू. मंगळवारी.

अगं, तो गोरा माणूस फोन करून बोलेल मला, त्याच्या भाषेत. मी काय सांगू त्याला? मला 'हॅलो'च्या पुढं काय येतं? … तसं होणार न्हाई, व्हय. तसं होणार न्हाई, म्हणूनच तर लिहून घेतात ना नंबर!

थांब. आता मधी बोलू नको. तुला कधी सांगितलं न्हाई ते सांगते.

तुझा संतराम मामा. … घसरून पडला, एवढंच ठाऊक तुला. व्हय, साखऱ्याच्या माळाखालच्या घळीत. चैताचं ऊन होतं. मी चौदा वर्षांची, तो अकरा. मागं राहिलेलं कोकरू आणायला वळला. कोकरू आपल्या पायानं आलं, तो न्हाई आला.

न्हाई, ते न्हाई सांगायचं. पुढचं सांगायचंय.

आपल्या घरची रीत ठाऊक हाय तुला. सांज झाली की मेंढरं मोजायची, माणसं मोजायची न्हाईत. माणसं मोजली की कमी होतात, असं माझी आजी म्हणायची. … तर त्या दिवशी मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी उभं राहून मी मोजली. दोन-दोन करून, बोटावर. बराबर भरली. एकशे बारा. मी वरडून सांगितलं, भरली ग आई! सगळे खुश. भाकरी केल्या. बाबाला वाटलं, तो आईपाशी निजला. आईला वाटलं, तो बाबासंग वाड्यावर हाय.

एकशे बारा मेंढरं मोजली मी, अंजे. भाऊ एकच होता, तो मोजला न्हाई.

… दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. पाय मोडला होता नुसता. पायानं माणूस मरत न्हाई. तोंडात माती होती. घळीतली गार माती, ओली लागली असंल म्हणून चोखली लेकरानं.

…

न्हाई, रडत न्हाई. पदराला तूस लागलंय तुरीचं, ते डोळ्यात गेलं.

पुढं कित्येक वर्षं सांज झाली की आई वाड्याच्या तोंडाशी उभी राहायची आन् म्हणायची…

सांज झाली बाई, मेंढ्या वाड्याला वळल्या,
माझ्या राघूच्या वाटा, कोण्या माळाला मिळाल्या.

माझ्याकडं बघायची न्हाई म्हणताना. मला बोलली न्हाई कधी. बोलली असती तर बरं झालं असतं.

… काय म्हणते? … न्हाई जात?

खरंच न्हाई जात?

… बरं. … बरं झालं. रद्द कर. …

अंजे? … न्हाई, हायस ना, बघितलं. … मघाशी निऱ्या सांगून राहिली होतीस तवा कसं बोलत होतीस. तीन वर्षांची होतीस, पहिल्यांदा वडलांच्या खांद्यावरून माळ बघितलास तवा बोलली होतीस, तसं. आत्ता 'बरं आई' म्हणून राहिली. ऑफिसातून बोलल्यावानी.

थांब. थांब जरा. मला इचार करू दे. रूपाबाई, तुमी गप बसा दोन मिनिटं.

बाकीचे कोण हायत? वीसातून तुमी तीन गेले, सतरा राहिले. त्यांच्यातलं कोणी बोललं तुझ्याशी? … म्हातारा-म्हातारी. चिठ्ठी काढताना शेजारी उभी होती. … त्यांचीबी निघाली? उद्याचीच? … किती वय? … सत्तर! आन् चालतात? … लई येळा जाऊन आलेत, बरं.

मग ऐक. एकटा धनगर चार मेंढरं घेऊन अनोळखी रानात उतरला तर काय करतो? दुसऱ्याच्या वाड्याशेजारी आपला वाडा बसवतो. जाऊन सांगतो, पाव्हणं, मी इथं हाय, सकाळी माझा धूर दिसला न्हाई तर बघा. त्यात लाज न्हाई. … त्यांच्या पुढं चाल न्हाईतर मागं चाल, पण त्यांना तुझं नाव सांग. म्हणावं, दोन न्हाई, तीन मोजा. … इंग्रजीत येतं ना म्हणायला? मग म्हण.

त्यांच्याच हाटेलात हायस का? … पलीकडच्या खोलीत! मग आजच जा. फोन ठेवला की दार वाजव.

आन् त्यांनी न्हाई म्हटलं तर तू जायची न्हाई. … न्हाई, असं न्हाई. शब्द दे. … हां.

दुसरं. दर शंभर पावलांनी मागं वळून बघायचं. जातानाची टेकडी येताना तोंड फिरवते, वळखू येत न्हाई. … फोटोचा नकाशा दिलाय ना त्यांनी? ते फोटो जातानाचे हायत का येतानाचे? … बघ आधी! … हां, दोन्हीकडचे हायत तर बरं. तरी वळून बघ. कागदाला ऊन लागत न्हाई.

वडलांचं घोंगडं हाय ना तुझ्याकडं? … वास येतो? येऊ दे. मेंढराचा वास हाय, चोरीचा न्हाई. पाठीवर घे. काळं घोंगडं लाल दगडावर लांबून दिसतं. बसलीस तर अंगाखाली न्हाई, दगडावर पसरून ठेव. … गरम होईल तर होऊ दे!

तिसरं… काय वाजलं ते? … फोनचं कार्ड संपत आलं? किती राहिलं? … एक मिनिट. मग ऐक, मधी बोलू नको. बाहेर आलीस, वहीत खूण केलीस, की फोन लागेल तिथून पहिलं काम, दोन रिंगा. नांदेडला होतीस तवा दुकानाच्या फोनवर द्यायचीस, पोचले म्हणून, तशा. दोन वाजल्या की कट कर. मी उचलणार न्हाई. … सूर्य उगवायच्या आत आली न्हाई रिंग, तर मी सरपंचाच्या पोराला उठवते, त्याला इंग्रजी येतं, आन् तुझ्या त्या कागदवाल्यांना फोन लावते. नंबर सांग त्यांचा. रूपाबाई, लिहा, लिहा! … कोळशानं लिहा भिंतीवर! … सांग. … एक… व्हय… नऊ… हळू… दोन… आठ… पुढं? … पुढं काय?

हॅलो?

अंजे? आठच्या पुढं काय?

हॅलो? … हॅलो? …

गेली. कार्ड संपलं तिचं. नंबर अर्धाच राहिला, रूपाबाई.

… न्हाई, असू द्या कानाला. कूंऽऽ वाजून राहिलंय. लांबच्या माळावर वारा वाजावा, तसं. … ठेवते हो. हात निघंना झालाय माझा. ठेवला तर ती गेली, असं वाटून राहिलं.

काय? … हां. … व्हय की. उरलेला नंबर सांगायला ती दुसरं कार्ड घेऊन परत लावायची, आन् हा असा कानाला धरून बसले तर तिला लागायचा न्हाई.

कळतंय. कळतंय मला. एवढं बोलू द्या. आमच्या घरात माणसं तीन, रूपाबाई. आज मोजली मी. एक मेंढरामागं माळावर. एक इथं भिंतीला टेकून. आन् एक…

ठेवते. सरका जरा, ठेवू द्या मला. रिंग यायची हाय.